प्रकल्प नोंदी: आरसा, ऑडिट आणि शून्य सावली

शनिवार, ९ मे २०२६

१७ च्या रात्रीची चिपळूणची तिकिटं कन्फर्म झाली. म्हणजे हातात आठ दिवस आणि कामं तीन ठिकाणची. रबाळ्याला लॅबमध्ये गुरुवारी एनएबीएलचं, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं, ऑडिट आहे, घरी दुर्बिणीचा आरसा अर्धवट पडलाय, आणि बिल्डिंगमधल्या पोरांची सुट्टीतली विज्ञानाची बॅच १६ ला संपवायचीय. १६ तारीख मीच मुद्दाम धरली होती. त्या दिवशी ठाण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली. बाकी सगळं पुढेमागे करता येतं, हे नाही. म्हणून आठवडा त्याच्याभोवती लावायचा असं आज ठरवलं.

आज क्लासला अकरा पोरं होती, सहावी ते आठवीची, त्यात आमची लेक पण. विचारलं, सूर्य डोक्यावर कधी येतो? सगळे एका सुरात, बारा वाजता! रोज? हो, रोज! मग त्यांना म्हटलं की ठाण्यात तो वर्षातून दोनच दिवस येतो, एकदा आत्ता १६ मेला आणि एकदा २७ जुलैला जेव्हा ढगांमुळे तो दिसायची आशा नसते, आणि येतो तेव्हा पण बाराला नाही येत, बारा पस्तीसला येतो. कोणाचा विश्वास बसला नाही. चांगलं झालं. गृहपाठ दिलाय, रोज दुपारी पाण्याच्या बाटलीची सावली मोजायची, सगळ्यात आखूड कधी होते ती वेळ लिहायची. उत्तर मी सांगितलेलं असलं तरी स्वतः मोजल्याशिवाय ते त्यांचं होत नाही.

रविवार, १० मे

सकाळी सहाला आरसा. नवीन वाचणाऱ्यांसाठी: १५० मिमी व्यासाची, २५ मिमी जाड साधी काच, फोकस १२०० मिमी. कार्बोरंडमने घासून मध्ये १.१७ मिमी खोल केलीय, मग बारीक पावडरी, मग पिचच्या (डांबरासारख्या चिकट पदार्थाच्या) लॅपवर, म्हणजे घासायच्या तबकडीवर, सिरियम ऑक्साइडने पॉलिश. हे सगळं जानेवारीपासून बाल्कनीत चाललंय. आता आरसा गोलाकार आहे, म्हणजे मोठ्या चेंडूच्या आतल्या बाजूचा तुकडा म्हणा. त्याचा पॅराबोला, म्हणजे ताऱ्याचे सगळे किरण एका बिंदूत आणणारा आकार, करायचाय. या मापाच्या आरशात गोल आणि पॅराबोला यातला फरक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका आहे, पट्टीने किंवा कॅलिपरने तो कधीच कळणार नाही.

तो कळतो फुकोच्या चाचणीने. ज्याने लंबकाने पृथ्वी फिरते हे दाखवलं तोच फुको, आणि ही चाचणी त्याने १८५८ च्या सुमारास काढली. लागतं काय, तर एक एलईडी, बारीक फट, दाढीचं ब्लेड आणि २.४ मीटर जागा. हॉलच्या एका टोकाला आरसा, दुसऱ्या टोकाला मी. ब्लेड हळूहळू किरणांत सरकवलं की आरशावर उजेड-सावलीचा असा नकाशा उमटतो की टेकडी कुठे, खड्डा कुठे ते डोळ्याला दिसतं. पूर्ण गोल आरसा एकसारखा करडा होतो, आणि पॅराबोला मेदूवड्यासारखा दिसतो, मधे खळगा, कडेला उतार. पहिल्यांदा तो वडा दिसला त्या दिवशी मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवला होता.

पण चाचणी करताना पंखा बंद लागतो. हवा हलली की सगळा नकाशा थरथरतो, हात मधे धरला तर हाताची गरम हवा धुरासारखी वर जाताना दिसते. मे महिन्यात, ठाण्यात, पंखा बंद. सासूबाई बिचाऱ्या काही न बोलता खालच्या मजल्यावर जाऊन बसल्या, त्यांचे खरंच आभार.

आजचं माप: लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या मास्कला दोन खिडक्या आहेत, मधली आणि कडेची. दोन्हीचं फोकस जिथे येतं त्या जागांत पॅराबोलाला ०.९४ मिमी अंतर पाहिजे. मला ०.५ येतंय, अधिक उणे ०.१. अर्धा रस्ता. दहा मिनिटं लांब डब्ल्यू स्ट्रोक, म्हणजे W च्या आकारात हात फिरवत घासणं, मारले आणि थांबले, कारण घासून काच गरम होते आणि गरम काचेचं माप खोटं असतं. तासभर तरी तसंच ठेवायला लागतं. तेवढ्यात पोळ्या केल्या. परत माप: ०.६. पिच उन्हाळ्याने मऊ पडलंय, लॅपच्या चर बुजतायत, नख सहज रुततंय. पुढच्या वेळी राळ जास्त घालायला हवी.

सोमवार, ११ मे

फक्त ऑफिस. ९ नंबरवरून ७.५२ ची वाशी लोकल, रबाळे, आणि रात्री साडेआठला घरी. ऑडिटच्या फायली. आरशाला हात नाही.

मंगळवार, १२ मे

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, पुढे क्लासमध्ये शिकवायला उपयोगी आहे.

लॅबमध्ये आम्ही प्रेशर गेज तपासतो. त्याला डेड वेट टेस्टर लागतो. दिसायला साधं यंत्र आहे, उभा पिस्टन, त्यावर माहीत असलेली वजनं ठेवायची, खाली तेल, आणि वजन भागिले पिस्टनचं क्षेत्रफळ म्हणजे दाब. यात कोणाशी तुलना नाही, थेट वजनापासून दाब मिळतो म्हणून ते मला सगळ्यात प्रामाणिक यंत्र वाटतं. पण वजन म्हणजे वस्तुमान गुणिले जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, आणि जी सगळीकडे सारखा नसतो. टेस्टरवर कोरलेले आकडे ९.८०६६५ या प्रमाण किमतीला आहेत. आपल्याकडे, म्हणजे १९ अंश अक्षांशावर, समुद्राजवळ, जी साधारण ९.७८६ आहे. फरक ०.२१ टक्के. म्हणजे १०० बारचं (बार हे दाबाचं एकक) वजन ठेवलं तर इथे प्रत्यक्षात ९९.७९ बारच दाब तयार होतो.

ऑडिटची तयारी म्हणून जुनी प्रमाणपत्रं परत बघत होते तर एप्रिलच्या एका बॅचमध्ये गेज सगळे एकाच बाजूला चुकतायत, प्रत्येक जण दोन हजारांश कमी दाखवतोय. अकरा गेज, वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि सगळे एकसारखे चुकतात? असं होत नाही. चूक गेजमध्ये नसते तेव्हा ती मोजणाऱ्यात असते. शीट उघडली तर आमच्या ज्युनिअरने नवीन टेम्प्लेट वापरलं होतं आणि त्यात जी ची दुरुस्ती लागलीच नव्हती. पोरगा घाबरला, म्हणाला मॅडम ऑडिटला दोन दिवस राहिलेत, आत्ता कशाला काढायचं. म्हटलं आत्ताच काढायचं. ०.१ टक्क्याच्या गेजला ०.२ टक्क्याची चूक म्हणजे चांगला गेज आपण नापास करतोय. साहेबांना सांगितलं, ते पण लगेच हो म्हणाले, चुकीच्या कामाची नोंद उघडली, ग्राहकाला फोन केला, अकरा प्रमाणपत्रं मागे घेऊन नवीन काढली. टेम्प्लेटला कुलूप. रात्रीचे साडेनऊ वाजले. ज्युनिअरवर ओरडले नाही, टेम्प्लेट तपासून मंजूर केलं होतं त्यावर सही माझी आहे.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, जी कमी का? पृथ्वी फिरते आणि विषुववृत्ताजवळ फुगलेली आहे म्हणून. सूर्य डोक्यावर का येतो? आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत म्हणून. दोन्हीकडे आकडा एकच, १९ अंश. शनिवारी पोरांना हे सांगायचं, नक्की.

बुधवार, १३ मे

संध्याकाळी क्लास. पोरांच्या वह्या बघितल्या, अकरापैकी सात जणांनी सावली खरंच मोजलीय. वेळा आल्यात १२.२५ पासून १२.४५ पर्यंत. एक मुलगी रडवेली झाली, काकू माझी चुकली का? मग तिची एकटीची वेळ न बघता सगळ्यांची सरासरी काढली, १२.३६. चेहरा खुलला तिचा.

मग बारा पस्तीसच का. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळची. ठाणे ७३ वर. साडेनऊ अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, ३८ मिनिटं. मे महिन्यात सूर्य स्वतः साडेतीन मिनिटं पुढे चालतो, ती वजा, म्हणून १२.३५ च्या जरा आत. पूर्वी मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं हे सांगितलं, प्रमाणवेळ १९०६ ला आली तरी मुंबई टाइम ३९ मिनिटं मागे ठेवून १९५५ पर्यंत लोक वापरत होते. एकाने विचारलं, मग १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती कुठल्या वेळेवर? प्रश्न ऐकून इतका आनंद झाला. म्हटलं तेव्हा देशाची एक वेळच नव्हती, गावागावाचं घड्याळ वेगळं.

सातवीतल्या एका मुलाची मावशी नागपूरला असते. डोक्यात आलं, तिला पण मोजायला लावूया! नागपूरचा शून्य सावलीचा दिवस २६ मे, म्हणजे १६ ला तिथे थोडी सावली असणारच. त्याच्या आईकडून फोन लावला, मावशी तयार. एक मीटरचा पाइप, ओळंब्याने उभा, दुपारी १२.१० ला मोजायचं, कारण नागपूर आपल्यापेक्षा पूर्वेला, तिथे मध्यान्ह आधी होते.

आरसा नाही. रात्री अकराला बॅगा काढल्या फक्त.

गुरुवार, १४ मे

ऑडिट झालं. ऑडिटरने पहिल्यांदा तीच फाईल मागितली, मंगळवारची. आपण स्वतः शोधली, स्वतः दुरुस्त केली, ग्राहकाला कळवलं हे सगळं कागदावर होतं. एक किरकोळ शेरा आला, वेगळ्याच गोष्टीवर, खोलीच्या आर्द्रतेची नोंद दोन दिवस राहिली होती. ज्युनिअरला सगळ्यांसमोर जी ची दुरुस्ती समजावून सांगायला लावली, त्याने फळ्यावर नीट करून दाखवली, आवाज पण थरथरला नाही.

शुक्रवार, १५ मे

लंचमध्ये लॅबच्या मागच्या आवारात रंगीत तालीम. एक मीटरचा पाइप जांभळी नाक्यावरून आणलाय, पीव्हीसीचा. १२.३४ ला सावली साधारण पाच मिमी, उत्तरेकडे. उद्या ती दीड मिमीच्या आत जाणार, म्हणजे डोळ्याला शून्यच. आजची सावली मोजताना एक अडचण आली, टोक पुसट दिसतं. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून एक मीटरवर सावलीची कड नऊ एक मिमी रुंद धूसर होते. त्या धूसर पट्ट्याचा मध्य धरायचा. मावशींना मेसेज केला.

रात्री आरसा. राळ घालून पिच नवीन केलं, लॅप छान बसला, पंधरा मिनिटं काम, मग दीड तास थांबले. माप ०.७, अधिक उणे ०.१. पॅराबोलाचा तीन चतुर्थांश. या फोकसच्या सहा इंची आरशात नुसता गोल पण कसाबसा चालतो, तर हा आत्ताच चांगला आरसा आहे. अजून एक दहा मिनिटांची फेरी मारली तर ०.८ होईल, रात्रीचे साडेबारा वाजले होते, हात शिवशिवत होते. नवरा म्हणाला, उद्या बारा पस्तीसला जागी हवीस ना? बरोबर होतं त्याचं. आणि दमलेल्या हाताने कड पडली, म्हणजे टर्न डाउन झाली, तर मागे येऊन सगळं परत गोल करायला लागतं, दोन महिने. थांबले. आरसा लॅपवरून काढला, धुतला, पुसला. रात्रभर पिचवर ठेवला तर चिकटतो तो.

शनिवार, १६ मे

सकाळपासून ढग! साडेअकराला गच्चीवर गेले तर अर्धं आकाश पांढरं. पोरं सगळी वेळेच्या आधी हजर. गच्ची इतकी तापलेली की गोणपाटं ओली करून पसरली, पिंपभर कोकम सरबत सासूबाईंनी केलेलं. आज शनिवारी अमावास्या आहे, उद्यापासून अधिक ज्येष्ठ, त्या म्हणत होत्या बरं झालं आज प्रवास नाही. पोरांनी त्यांनाच विचारलं अधिक महिना म्हणजे काय, आणि त्यांनी जे सांगितलं ते माझ्यापेक्षा छान: चंद्राचं वर्ष सूर्यापेक्षा अकरा दिवसांनी कमी पडतं, ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, हिशोब जुळवायचा महिना. म्हणजे घड्याळाची दुरुस्तीच ती पण. मी कधी असा विचार केला नव्हता.

मांडणी: मधे पाइप ओळंब्याने उभा, बाजूला स्टीलचा पेला, बाटली, बांगडी दोऱ्याने टांगलेली, आणि लेकीने स्वतःच उभं राहायचं ठरवलं, हात बाजूला चिकटवून. सूर्याकडे बघायचं नाही हे पाच वेळा बजावलं.

१२.१० ला नागपूरहून फोटो आला. मावशी पदर डोक्यावर घेऊन भर उन्हात पट्टी धरून बसल्यात. साडेतीन सेंमी, उत्तरेकडे.

१२.२० ला इथे मोठा ढग. कोणी बोलेना. एक लहान मुलगी हात जोडून उभी. १२.२८, ढगाची कड उजळली. १२.३१ ला ऊन आलं आणि सगळे एकदम पुढे सरकले. पेल्याची सावली त्याच्या बुडाखाली शिरत चाललेली, बाटलीची गेलेली, पाइपची नुसती एक पुसट कडी. १२.३४. पाइपला सावली नाही. बांगडीची सावली जमिनीवर बरोबर बांगडीएवढी गोल. लेकीच्या पायाशी फक्त तिच्या खांद्यांएवढा काळा ठिपका, ती म्हणाली आई मी स्वतःवर उभी आहे.

दोनेक मिनिटं सगळे गप्प होते. अकरा पोरं, गप्प. चार वर्षं शिकवतेय, असं कधी झालं नव्हतं.

मग खाली रूमवर गणित. एक मीटरला साडेतीन सेंमी म्हणजे दोन अंशांचा कोन. ठाण्यात शून्य, नागपुरात दोन, म्हणजे पृथ्वीच्या गोलावर ठाणे आणि नागपूर उत्तर-दक्षिण दोन अंशांनी लांब. रस्त्याचं अंतर नाही चालत, नागपूर पूर्वेला पण आहे, म्हणून नकाशावर ठाण्यातून आडवी रेघ मारून नागपूर तिच्या किती वर ते मोजलं, २१६ किमी. दोन अंशांना २१६, तर ३६० ला? २१६ गुणिले १८०. फळ्यावर आकडा आला ३८,८८०. पृथ्वीचा घेर खरा साधारण ४०,००० किमी. ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी सावलीवरूनच काढला होता, आज एक पीव्हीसी पाइप आणि नागपूरच्या मावशीने काढला. टाळ्या, आरडाओरडा, मावशींना व्हिडिओ कॉल.

तिथेच थांबले असते तर क्लास अर्धा राहिला असता. विचारलं, मावशींची पट्टी एक मिमी चुकली असती तर? त्यांनी ३.४ आणि ३.६ घालून परत काढलं, घेर हजारेक किलोमीटरने हलला. म्हणजे आपलं उत्तर ३८,८८० नाही, ३९,००० च्या आसपास, हजार दोन हजार इकडेतिकडे. बुधवारी रडवेली झालेली मुलगी म्हणाली, म्हणजे आपण बरोबरच आहोत, फक्त किती बरोबर ते पण सांगायचं. मी लॅबमध्ये जे अकरा वर्षं करतेय ते तिने एका वाक्यात सांगितलं. मंगळवारचा जी राहिलाच सांगायचा, जूनमध्ये सांगेन.

रविवार, १७ मे

पॅकिंग. आरसा मऊ फडक्यात, फडकं डब्यात, डबा कपाटात वरच्या खणात, वर चिठ्ठी: ०.७, कड चांगली, पिच नवीन, चर परत पाडायच्या. धोंड्याचा महिना लागलाय, आईने जावयासाठी तेहतीस अनारसे तळून ठेवलेत म्हणे. दुर्बीण नाही तर निदान बायनॉक्युलर घेतलाय, तिन्हीसांजेला पश्चिमेला शुक्र आणि त्याच्या वर गुरू, ९ जूनला ते दोघं अगदी जवळ येणार आहेत, पण तोपर्यंत मी परत ठाण्यात असेन.

पाइप पण घेतला. नवरा काही म्हणाला नाही, छत्रीबरोबर बांधून दिला.

सोमवार, १८ मे, चिपळूण

दुपारी अंगणात पाइप उभा केला, फणसाच्या सावलीपासून लांब. सूर्य चिपळूणवरून कधीच पुढे गेलाय, इथला शून्य सावलीचा दिवस गेल्या आठवड्यातच झाला, आता तो आपल्या उत्तरेला. १२.३२ ला मोजलं. ३.६ सेंमी, धूसर कडेचा मध्य धरून. नागपूरएवढीच, पण दक्षिणेकडे! लेकीने होकायंत्र ठेवून फोटो काढला आणि पोरांच्या ग्रुपवर टाकला, खाली फक्त एवढंच लिहून: सावली उलटी का पडली सांगा. पाच मिनिटांत नागपूरच्या मावशीचं उत्तर आलं, पोरांच्या आधी.